एका बाटलीचे पाच वाटे

खोलीतल्या सगळ्यांनो, हे मोठ्यानं वाचा.

सकाळपासून इस्पितळात पडून आहे. पायाचा फोड चिघळून सूज गुडघ्यापर्यंत चढलीय.

डॉक्टर इथल्याच बंगळूरच्या बसवनगुडीचे, पण घरी मराठी बोलणारे. त्यांनी विचारलं, "आधी पेनिसिलिन घेतलं होतंस?"

म्हटलं, "घेतलं की. खोलीत पाच जणांना फोड आले होते. कंपाउंडरनं एका माणसापुरत्या एकाच बाटलीतून पाचही जणांना टोचलं."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, औषध आहे की प्रसाद? एवढ्याशानं जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात."

आता पू तपासायला गेलाय. कोणतं औषध लागू पडेल ते तीन दिवसांनी कळणार. तोवर दुसऱ्या गोळ्या, त्याही अंदाजानं! इकडे सोमवारी लेथवर उभा राहिलो नाही तर मुकादम दुसरा माणूस घेणार. तसं सांगितलं तर डॉक्टर म्हणतात, "स्वल्प धीर धर. काम दुसरं मिळेल, पाय मिळेल का?"

डोकं फिरलंय माझं. वाटे करायची अक्कल तुमची, मान डोलावणारा मी, आणि सडतोय माझाच पाय!

तुमच्यापैकी आणखी कुणाचा फोड पुन्हा वर आलाय? लपवू नका. बाळू, परवा तू लंगडत होतास, मी बघितलंय. उद्या मला भेटायला येऊ नकोस, पाय दाखवायला ये.