कानात कापूस घालून बालसंरक्षण

जो समाज आपली मुलं जपतो, त्याला कोणतंही युद्ध हरवू शकत नाही. हे वाक्य मी सावद्यात, शाळेमागच्या बोळात, लाउडस्पीकरवरून ऐकलं. वाक्य चांगलं आहे. म्हणणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात एवढे हार होते की त्यांची हनुवटी दिसत नव्हती. आणि ज्या मुलीला उद्देशून ते म्हटलं जात होतं, ती सापडत नव्हती म्हणून मी त्या बोळात पळत होतो.

मुलगी माझ्या पुतणीची. आठ-नऊ वर्षांची. बाप फौजेत. सीमेजवळच्या एका गावात खोली भाड्याने घेऊन मायलेकी राहायच्या. त्या गावात तोफगोळे पडू लागले, तेव्हा घरमालकाच्या तळघरात त्यांनी काही रात्री काढल्या आणि रस्ता खुला झाल्यावर माहेरी निघून आल्या.

इथे आल्यापासून पोरगी कोणाच्याही घरी गेली की पहिला प्रश्न विचारायची, "तुमची खालची खोली कुठे आहे?" सावद्यात खालची खोली कोणाकडे असणार? लोक हसायचे. "खाली कशाला बेटा, वर गच्ची आहे, पतंग उडव!" शेवटी तिच्या मामाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, तिला घरामागची केळी पिकवायची खोली दाखवली. तो केळीचा व्यापारी. खोलीला खिडकी नाही, भिंती जाड, दार बंद केलं की बाहेरचा आवाज आत येत नाही. तिला ती फार आवडली. मामाला वाटलं, भाचीला धंद्यात गोडी आहे.

मग शाळेने कार्यक्रम ठरवला. फलकावर लिहिलं होतं 'संघर्षग्रस्त भागातील बालकांचे संरक्षण'. संघर्षग्रस्त भाग इथून पार लांब. पण त्या भागातलं एक बालक आयतंच शाळेत दाखल झालं होतं, ते वाया कसं घालवायचं? मुख्याध्यापक घरी आले. हे गृहस्थ मूळचे सोनगीरचे. माइकवर पुस्तकातलं मराठी बोलतात आणि घाबरले की अहिराणी.

"ताई, दोनच मिनिटं बोलू द्या तिला. मुलांना प्रेरणा मिळेल."

"कशाची प्रेरणा, सर?" पुतणीने विचारलं.

"म्हणजे... एकंदरीत."

पुतणीने नाही म्हटलं. मग बोलायचं रद्द झालं आणि तिने पाहुण्यांना नुसता गुच्छ द्यायचं ठरलं. एवढी तडजोड झाल्यावर सगळ्यांना आपण फार समंजस आहोत असं वाटलं.

राहिले फटाके. आमच्याकडे पाहुण्याची गाडी थांबली की माळ लागलीच पाहिजे. नाही लागली तर पाहुणा ते लक्षात ठेवतो, आणि न लावणारा त्याहून जास्त. माळेचा मान पुतण्याकडे होता. मी त्याला म्हटलं, "अरे, घरात कोण पोर आहे, कुठून आलीये, जरा विचार कर. माळ राहू दे."

"काका, बिनमाळेचं स्वागत? पाहुणा काय मयतीला येतोय?"

"तिचं काय?"

"तिच्या कानात कापूस घालू ना! मी केलाय विचार." आणि त्याने खरंच केला होता. खिशातून कापसाची पुडी काढून दाखवली. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला तोफेवर एवढाच इलाज सुचावा, यात नवल नाही.

गाडी आली. मुलं फाटकाच्या दोन्ही बाजूंना कागदी झेंडे घेऊन उभी होती, आमची पोरगी गुच्छ घेऊन सगळ्यांत पुढे. माळ फाटकातच पसरलेली, मध्ये मध्ये सुतळी बॉम्ब गुंफलेले. ती पेटली, धूर झाला, बँड वाजला. धूर विरला तेव्हा गुच्छ जमिनीवर होता, शेजारी कापसाचे दोन बोळे.

मुख्याध्यापक म्हणाले, "बठ्ठा पोरे आठेच शेतस ना? मग हाई पोर कोठे गई?" सगळी पोरं इथेच, मग ही गेली कुठे, एवढं विचारून ते लगेच माइककडे धावले, कारण पाहुण्यांना पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं.

कोणी विहिरीकडे गेलं, कोणी बसस्टँडकडे. पुतणी कुठेच न बघता शाळेमागच्या बोळातून थेट घरामागे पळाली. मी तिच्या मागे. त्याच खोलीत माल पिकायला लावलेला होता. आत केळी पिकवायचा गॅस सोडलेला. दार उघडून हवा खेळती केल्याशिवाय तिथे हमालसुद्धा पाय ठेवत नाहीत. दाराची कडी बाहेरून निघालेली होती आणि दार आतून ओढून घेतलेलं.

क्रेटच्या रांगेमागे ती गुडघे पोटाशी घेऊन, डोकं झाकून बसली होती. पुतणीने तिला उचलून बाहेर आणलं. पोरीने उलटी केली. डोकं दुखतंय म्हणाली. मामा तोवर धापा टाकत आला होता.

"अगं बेटा, कोणी काही करत नव्हतं. पाहुणे आले होते!"

तिने आधी आईकडे पाहिलं, मग मामाकडे.

"पाहुण्यांना लागलं का?"

मामा खाली बसला. लाउडस्पीकरवर टाळ्या वाजल्या.

डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि सोडलं. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं ते बोलू लागले. पुतणीने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

मला चीड येते ती या प्रेमळपणाची. तोफा डागणारा निदान पोरांना आधी झेंडे वाटून रांगेत उभं करत नाही. आम्ही करतो, वर त्यांच्यासमोर त्यांच्याच संरक्षणाचं भाषण ठोकतो आणि चहा पितो. पोरगी तोफांतून वाचून आली. स्वागतात मरता मरता राहिली. यातल्या एकाही माणसाच्या मनात तिच्याबद्दल वाईट नव्हतं. वाईट असतं तर निदान आम्ही सावध राहिलो असतो.

आठवड्याने पुतणी शाळेत गेली, सोबत मी. तिने एकच मागितलं: शाळेत फटाके नकोत, नाहीतर मुलगी परत वर्गात बसणार नाही. शाळा समितीचे एक सदस्य म्हणाले, "ताई, पोरीला जरा धीट करा. फौजीची पोर ना ती?"

"फौजी सुट्टीवर आला की तुम्हीच त्याला सांगा," ती म्हणाली. सदस्यांनी पाणी मागवलं.

ठराव एकमताने मंजूर झाला: शाळेच्या आवारात फटाके वाजवू नयेत. तो काटेकोर पाळला जातो. आता पाहुणे आले की माळ रस्त्याच्या पलीकडे लावतात. पलीकडे अंगणवाडी आहे.