मावशीचा श्वास

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरी बोललो नाही, मित्रांजवळही नाही. आता वय झालं. गुडघे सोडले तर तक्रार नाही, सकाळी गंगापूर रोडला फेरी मारून येतो, नातवंडं मजेत आहेत... हे एवढं एकच राहून गेलंय.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी भूलतज्ज्ञ. आयुष्यभर माणसांना झोपवलं आणि परत उठवलं. समोरचा श्वास घेतोय की नाही हे ओळखणं हाच माझा धंदा — म्हणून तर पुढचं जास्त टोचतं.

गोष्ट २००८ च्या आसपासची, नाशिकमधली. आमच्या हॉस्पिटलातल्या नर्स आणि ब्रदर लोकांचा जीवरक्षणाचा कोर्स मी घ्यायचो. थिअरी ऑनलाइन — कम्प्युटरवर धडे वाचायचे, उत्तरांवर क्लिक करायचं. ते पास झालं की माझ्यासमोर प्रात्यक्षिक. दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सतरंजीवर रबराची एक बाई झोपवलेली असायची, कमरेपासून वरची. सगळे तिला मावशी म्हणायचे. दसऱ्याला मुलींनी उपकरणांबरोबर तिचीही पूजा केली होती; ते कुंकू काही केल्या कपाळावरून निघत नव्हतं.

आता परीक्षेची एक पद्धत सांगतो. रबराला ना नाडी ना श्वास, म्हणून पेशंटची अवस्था परीक्षकाने तोंडी सांगायची. विद्यार्थ्याने वाकून मावशीच्या नाकाशी गाल न्यायचा, छातीकडे बघायचं. मी म्हणायचं, "श्वास नाही." की त्याने छाती दाबायला घ्यायची. मावशी जिवंत की मेलेली, हे मी ठरवायचो.

त्या दुपारी कमल गावितची पाळी आली. सुरगाण्याकडची मुलगी, जनरल वॉर्डात होती. ऑनलाइन भागासाठी सायबर कॅफेत बसून माउस धरण्यापासून शिकली होती. आयसीयूतली तिची नेमणूक जवळजवळ ठरलेली, फक्त हे सर्टिफिकेट हवं होतं. लोडशेडिंगमुळे पंखे बंद, आणि बाहेर रस्त्याचं काम चालू म्हणून खिडक्याही बंद. हॉलमध्ये हवा हलत नव्हती.

कमलने मावशीचे खांदे थोपटले. "मावशी, ओ मावशी! काय होतंय?"

"आधी चहा पाज, मग बोलतील त्या," मागून एक ब्रदर म्हणाला. सगळे हसले.

कमल वाकली.

"श्वास नाही," मी म्हणालो.

ती तशीच राहिली.

"सिस्टर, श्वास नाही. दाबा."

"सर... हाय."

"काय हाय?"

"श्वास. ऊन ऊन लागतंय गालाला. तुम्ही नाय म्हणता, पण चालू हाय ना. चालू असताना छाती कशी दाबू?"

हॉलमध्ये नुसता गोंधळ. "मावशी बऱ्या झाल्या! डिस्चार्ज द्या त्यांना!"

मला राग आला. हिला खोटं पाडावं म्हणून मी स्वतः गुडघ्यांवर बसलो, गाल नेला... आणि मला तो लागला. उबदार, संथ, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. एकदा. मग पुन्हा. डोळ्यांदेखत छाती अलगद वर आली आणि खाली बसली. आणि त्या श्वासाला मशेरीचा पुसट वास होता.

मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते. कमल तर डोळ्यांची पापणीही न हलवता.

"नाही," मी म्हणालो.

"नीट बघितलंत ना, सर?"

"हो. काही नाही."

एवढा नावाजलेला डॉक्टर, आणि रबराच्या बाईला श्वास आहे म्हणतो — उद्या कँटीनमध्ये हाच विषय झाला असता. मी तिला नापास केलं. वर शेरा दिला, 'ऐन वेळी गोंधळते.'

सगळे गेल्यावर मी मावशीच्या छातीचं झाकण उघडलं. आत फुफ्फुसाच्या जागी असतो त्या फुग्यात हवा अडकली असेल, अशी माझी समजूत. फुगा नव्हताच; त्या गडबडीत मी विसरलोच होतो. सकाळी तो फाटलेला दिसला म्हणून मीच काढून टाकला होता, आणि त्या दिवशी म्हणूनच फक्त छाती दाबण्याची परीक्षा ठेवली होती. आत नुसती स्प्रिंग. नाकापासून तिथवर हवा जायला वाटच नाही.

त्यानंतर कितीतरी बॅच झाल्या. मावशीने पुन्हा कधी श्वास घेतला नाही. मी खूप विचार केला. मला अजूनही काही सापडलेलं नाही.

आयसीयूत दुसरी मुलगी गेली. कमल काही महिन्यांनी नोकरी सोडून गावी निघून गेली.

निवृत्तीनंतर कळलं, ती सुरगाण्याकडच्या एका आरोग्य केंद्रात आशाताईंना हेच शिकवते. एक दिवस जीप करून गेलो. खरं सांगून मोकळं व्हायचं, एवढंच मनात.

"अगोबाई, सर! तुम्ही?" कमल अंगाने भरली होती, चेहरा हसरा. "बायांनो, हे माझे गुरू. ती गोष्ट सांगितली ना, मी रबराच्या बाईला जिवंत म्हणाले न् नापास झाले — ती यांच्याच परीक्षेत!"

बाया खळखळून हसल्या. ती स्वतःही. इतकी वर्षं ती स्वतःला वेडी ठरवून ही गोष्ट सांगत होती.

"कमल, त्याबद्दलच..."

"ते मग. आमचा शिकवायचा रबरी पुतळा तालुक्याला अडकलाय. तुम्हीच झोपा ना, सर."

मी सतरंजीवर आडवा झालो. तिने माझे खांदे थोपटले, वाकली, गाल माझ्या नाकाशी आणला. इतक्या जवळून कुणाला ऐकू जाणार नव्हतं. मी तोंड उघडलं.

"बेशुद्ध माणूस बोलत नाय, सर," ती कुजबुजली. मग मान वर करून, मोठ्याने — "श्वास चालू हाय! मग छाती दाबायची का?"

"नाय!" सगळ्या बाया एका सुरात.

मीही हसलो. छान वाटलं, खोटं कशाला सांगू. नंतर चहा झाला, नागलीची भाकरी झाली, तिच्या मुलांच्या शाळेच्या गप्पा झाल्या. जीपपर्यंत ती सोडायला आली तेव्हाही ते वाक्य तोंडातच होतं, आणि तसंच घेऊन मी नाशिकला परतलो —

कमल, मला माफ कर. त्या दिवशी श्वास मलाही लागला होता.