ओसरीची किल्ली एक, घरं दोन

किस्से म्हणजे लेकराच्या खिशातले खडे. आपण कुठं जमवायला जातो? कपडे धुवायला काढले की बादलीत टणटण वाजतात, तेव्हा कळतं, अगं बाई, एवढे साठले! आमच्या 'ओसरी'चं तसंच आहे.

'ओसरी' म्हणजे मोबाइलवर मराठीत रोज काहीबाही लिहिणाऱ्यांचा आमचा ग्रुप. सगळे बुलढाणा जिल्ह्यातले. आम्ही लिहायचो ती साइट ब्लॉकचेनवाली. म्हणजे काय, ते मला सिद्धार्थनं सांगितलं. हा नांदुऱ्याला लॅबमध्ये रक्त तपासतो. मी माझ्या ओवीला घेऊन गेले होते. तिला तिसरं लागलं तरी एक शब्द बोलत नव्हती. कान चांगले, तब्येत चांगली. डॉक्टर म्हणे बोलत राहा तिच्याशी आणि वाट पाहा. वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही! मी सिद्धार्थला सुईपासून बाटलीपर्यंत इतके प्रश्न विचारले की त्यानं हात जोडले.

"ताई, मागं लाइन लागली. हे सगळं लिहून काढत जा. एक जागा हाय, तिथं लोक वाचतात, आवडलं तं मत देतात. अन् एकदा लिहिलं की जगभरच्या कॉम्प्युटरवर नोंद होते. मंग कोणाच्या बापाले पुसता येत नाई!"

मी सातवी शिकलेली. पुसता येत नाही म्हटल्यावर आधी तर घामच फुटला. पण लिहिलं. 'पोरगी बोलत नाही. काय करू?' एवढंच. दुपारी पाहते तर खाली अनोळखी माणसांनी ओवीसाठी एकेक शब्द ठेवलेला. माऊ. गाडी. भूर. 'हे तिच्यासमोर म्हणून पाहा.' तेव्हापासून ओसरीत रिवाजच पडला. माझ्या लिखाणाखाली रोज ओवीसाठी शब्द. सख्खे नातेवाईक फोनवर "अजून नाही बोलत?" एवढंच विचारायचे. ही माणसं शब्द द्यायची!

*

न पुसण्याचा खरा फटका बसला गजाभाऊंना. हे धामणगाव बढ्याचे, शेती करतात आणि बैलांवर असं लिहितात की वाचताना घुंगरं ऐकू येतात. एकदा बैल सोडून बायकोवर लिहिलं. 'आमच्या घरची भाकर हातातून पडली तर आवाज येतो.'

वहिनींनी वाचलं. "पुसा हे."

"पुसता येत नाई."

"म्हणजे मी मेल्यावर बी लोक वाचतीन?"

"हाव."

"आना मंग तो मोबाइल इकडं!"

आणि वहिनींनी खाली लिहिलं, 'आवाज भाकरीचा नाही, ढेकराचा आहे. चौथ्या भाकरीनंतर येतो.'

गजाभाऊंच्या अख्ख्या बैलपुराणाला पडली नव्हती एवढी मतं त्या दोन ओळींना पडली! गजाभाऊ त्यानंतर परत बैलांवर आले.

*

आमच्या प्रत्येकाला एक किल्ली असते. किल्ली म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा लांबच लांब पासवर्ड, अर्थ काही नाही. सिद्धार्थनं दम दिला होता, "हे हरपलं तं साइटच्या मालकाले बी परत देता येत नाई. अन् दुसऱ्याले समजलं तं तुमचं खातं त्याचं!"

संग्रामपूरच्या सुशीलाताई निवृत्त शिक्षिका. कागदावर भरवसा नाही म्हणाल्या, उंदीर फार. त्यांनी किल्लीला चाल लावली! मोठं अक्षर मोठ्यानं म्हणायचं, लहान अक्षर हळू. झाडांना पाणी देताना रोज उजळणी.

त्यांची नात पहिलीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी विचारलं, कोणाला गाणं येतं? ही गेली माइकसमोर आणि अख्खी किल्ली म्हटली, एक अक्षर न चुकता. पालकांनी टाळ्या वाजवल्या!

सुशीलाताईंनी तिथूनच सिद्धार्थला फोन लावला. त्यानं हातातलं काम टाकून किल्ली बदलून घेतली आणि मग कपाळावर हात मारला, "ताई, लोकं तिजोरीची किल्ली चोरतात. तुमच्या किल्लीले वन्स मोर भेटला!"

त्यानं सगळ्यांना बजावलं, किल्ली कोणी गायची नाही. मी हो म्हटलं. पण मला विसरण्याची भीती इतकी, की ओवीला न्हाऊ घालताना मी माझी किल्ली त्याच चालीवर म्हणतच होते. मोठं मोठ्यानं, लहान हळू. मोरीत ऐकायला असायचं कोण? एक ओवी. ती कोणाला सांगणार होती!

*

मग आमच्या साइटवरच वीज पडली. एका बड्या आसामीनं तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. पुष्कळांना पटलं नाही. त्यांनी हुबेहूब तशीच दुसरी साइट काढली, म्हणजे नवं घरच उभं केलं. गंमत अशी, की तोवरचं आमचं लिखाण, नावं, किल्ल्या, सगळं दोन्हीकडं जसंच्या तसं!

गजाभाऊंनी लिहिलं, 'अशी वाटणी माह्या बापानं बी पाह्यली नसन. दोघा भावाले पूर्ण वावर, पूर्ण विहीर, अन् तरी भांडण!'

आणि हे लिहून स्वतःच भांडायला बसले. सिद्धार्थ म्हणे, "एका माणसाच्या मर्जीवर चालते त्या घरात मी लिहीत नाई." गजाभाऊ म्हणे, "मालक बदलला म्हणून कोणी गाव सोडते का बे?" सिद्धार्थ नव्यात गेला, गजाभाऊ जुन्यात राहिले. बोलणं बंद.

माझा जीव टांगणीला. ओसरी फुटली तर ओवीचं काय? घरात सासूबाईंचं एकच पालुपद, "तिचा बाप बी उशिराच बोलला." अहो, तिचा बाप अजून कुठं बोलतो!

*

सुशीलाताईंनी मात्र बाजू घेतली नाही. एकच लेख दोन्हीकडं टाकला. लगेच खाली चोरी पकडणाऱ्या मशीनचा शेरा आला, 'हा मजकूर दुसरीकडून उचललेला दिसतो.'

ताईंनी मशीनला उत्तर लिहिलं, 'बरोबर पकडलेत. सुशीलाबाईंनी सुशीलाबाईंच्या घरात चोरी केली. पंचनाम्याला यावे. चहा ठेवते.'

मशीन आलं नाही. पण दोन्हीकडची मंडळी खाली 'मी साक्षीदार', 'मला बिनसाखरेचा' असं लिहून गेली. भांडणानंतर पहिल्यांदाच सगळे एकाच गोष्टीवर हसले!

*

मीही घाबरून दोन्हीकडं लिहायला लागले. शब्द दोन्हीकडून यायचे. पण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, एकही शब्द दुबार येत नाही. नव्या घरात सिद्धार्थनं 'चाक' ठेवलं, की जुन्या घरात गजाभाऊंचं 'बैलगाडी'. इकडं 'वांगं', तर तिकडं 'भरीत'. म्हणजे बोलणं बंद, आणि रोज एकमेकांच्या घरात डोकावणं चालू!

मी सुशीलाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भरीत ना? मग गजाभाऊंच्या वावरातच करू. दोघांना सांग, मी बोलावलंय. बाईंना नाही म्हणायची टाप नाही कोणाची."

*

आता हा शेवटचा.

हिवाळ्याचे दिवस. गजाभाऊंच्या वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होती. वहिनी भाकरी थापत होत्या. सिद्धार्थ एका बाजूला, गजाभाऊ दुसऱ्या. मध्ये मी आणि मांडीवर ओवी.

"ताई, त्याले इचारा, तिखट चालते का," गजाभाऊ मला म्हणाले. सिद्धार्थ हातभर लांब!

"ताई, त्याइले सांगा, मी नांदुऱ्याचा हाय, मुंबईचा नाई!"

वहिनींनी भाकरीचं टोपलं पुढं केलं, "घ्या, आता मीच हात जोडते, हे भांडण..." असं काही म्हणणार, तेवढ्यात जाळात एक वांगं फट्कन फुटलं. ओवी दचकली. माझी मांडी सोडून उभी राहिली. जाळाकडं पाहिलं, आणि पूर्ण ताकदीनं ओरडली,

"पी!"

माझ्या हातातली मिरची खाली पडली.

"पाच!" पुन्हा मोठ्यानं. मग मान खाली घालून अगदी हळू, "के... जे..." मग पुन्हा टिपेला, "टी!"

चाल सुशीलाताईंची. किल्ली माझी.

पोरगी म्हणतच होती. बाजूच्या वावरातल्या कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून पाहायला लागल्या. मी तिच्या तोंडावर हात ठेवायला गेले, आणि तो मला ठेवता येईना. मी सिद्धार्थकडं पाहिलं. किल्ली म्हटलं की धावणारा माणूस, जागचा हलला नाही.

"सिद्धार्थ," गजाभाऊ कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलले. "दोन्ही घरची किल्ली एकच हाय ना बे?"

"एकच हाय भाऊ."

"मंग म्हणू दे तिले. उघडू दे दोन्ही!"

ओवीनं शेवटचं अक्षर म्हटलं. लहान होतं, हळूच म्हटलं. मग सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली.

गजाभाऊ आणि सिद्धार्थ एकदमच ओरडले,

"वन्स मोर!"