अठ्ठावीस वर्षं ‘बेरोजगार’

रोह्याच्या अलीकडे आमची वाडी आहे. तिथे पुतळीबाईंचं घर कुणाला विचारावं लागत नाही. ढोलावर थाप मारून बघितल्याचा आवाज येतो, त्या दिशेने चालत जायचं. शिमग्याच्या आधी महिनाभर तर तो आवाज सकाळपासून चालू असतो. खालूबाजाचे ढोल आणि टिमक्या, भजनी मंडळाचे पखवाज, शाळेचा एखादा फुटका ड्रम, सगळं त्यांच्या पडवीत येऊन पडतं. पुतळीबाई कातडं भिजवतात, केस काढतात, गोल लोखंडी कड्यावर चढवतात आणि दोरी ओढून वाद्य मढवतात. तळहात बघाल तर दोरीने घट्टे पडलेत.

हे काम बायकांचं नाही, असं वाडीतले लोक म्हणायचे. काम होतं त्यांच्या सासऱ्यांचं, कान्हूबाबांचं. पुतळीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरा, गोरखभाऊ, कंपनीत लागलेला. शिफ्टवरून आला की झोपायचा. कान्हूबाबांच्या हाताला कंप सुटला तेव्हा दोरी ओढायला घरात दुसरं कुणी नव्हतं. “ये गो पोरी, पाय लाव ढोलाला आन् ओढ,” असं म्हणून त्यांनी सुनेला बसवलं. पहिलं वर्ष नुसती दोरी. पुढे कातडं ओळखायला शिकवलं: उजेडात धरायचं, आजारी बकरीचं असेल तर डाग दिसतो, पाठीचा कणा बरोबर मधोमध आला पाहिजे, आणि कितीही घाई असली तरी सावलीतच वाळवायचं. आज त्याला अठ्ठावीस वर्षं होऊन गेली. कान्हूबाबा गेले, ढोल मात्र यायचे थांबले नाहीत.

मी त्याच वाडीतली, शिल्पा. लग्नानंतर पेणला आले. एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरते, प्रिंट काढते, अहवाल बांधून देते. म्हणून ही हकीकत मला आतून-बाहेरून ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी कोलाडच्या नदीकाठच्या एका कॅम्पमधून एक टेम्पो पुतळीबाईंच्या दारात आला. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे लोक तिथे सहलीला येतात. त्यांना गोल बसवून आफ्रिकेतले ढोल वाजवायला देतात. जेंबे म्हणतात त्याला. वर रुंद, खाली निमुळता, उखळासारखा लाकडी सांगाडा आणि बकरीचं कातडं. पावसाळ्यात त्यातले सात फाटले होते. पुतळीबाईंनी असलं वाद्य जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी एक ढोल मांडीवर घेतला, गाठ न् गाठ बघत उलगडला, तीन लोखंडी कडी वेगळी काढली, दोरीचा क्रम खडूने भिंतीवर काढून ठेवला आणि आठ दिवसांत सातही मढवून दिले.

पुढच्याच महिन्यात एक उंच, काळासावळा माणूस विचारत विचारत वाडीत आला. तो आफ्रिकेतल्या गिनी देशाचा सेकू. नवी मुंबईत राहायचा आणि शनिवार-रविवार कोलाडला जेंबे वाजवायचा. हिंदी मोडकंतोडकं, पण कळायचं.

“ये किसने बांधा?” त्याने हातातला ढोल पुढे करून विचारलं.

पुतळीबाईंना वाटलं, चुकलं काहीतरी. “मैने. काय बिघडला क्या?”

सेकू पडवीत खालीच बसला. म्हणाला, बिघडलं काही नाही. इतका चांगला आवाज इकडे आल्यापासून ऐकला नव्हता. फक्त आडव्या दोरीची वीण त्यांच्याकडे वेगळी असते. ती त्याने तिथेच उलगडून दाखवली. पुतळीबाईंनी बघितली, सोडली, पुन्हा स्वतः घातली. मग त्यांनी त्याला टिमकी कशी मढवतात ते दाखवलं. त्यानंतर तो दर दोन महिन्यांनी यायचा, भाकरी-सुकटीचं जेवायचा आणि दोघं काम करत बसायचे.

त्यानेच ती बातमी आणली. आफ्रिकेतल्या संगीताला आणि वाद्य बनवणाऱ्यांना कामधंदा, प्रशिक्षण आणि पैसा मिळावा म्हणून परदेशात एक मोठा निधी उभा राहिला होता. त्यातला एक हिस्सा इकडच्या कारागिरांसोबत देवाणघेवाण करायला होता. पेणला वाद्यनिर्मितीचा वर्ग निघणार होता. चालवणार होती इथलीच एक संस्था. सेकूने संस्थेला लिहिलं की शिकवायला रोह्याजवळची पुतळीबाई घ्या, तिच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही.

पुतळीबाई मेमू गाडीने पेणला आल्या, मी त्यांचा फॉर्म भरला. पद: प्रशिक्षक. अनुभव: अठ्ठावीस वर्षं. शिक्षण: सातवी.

आठवड्याने संस्थेच्या दिशा मॅडमचा फोन माझ्याच नंबरवर आला. आवाज गोड. “त्यांचं शिक्षण बसत नाही हो निकषात. प्रशिक्षकाला डिप्लोमा तरी लागतो. पण आम्ही त्यांना लाभार्थी म्हणून घेतोय. म्हणजे त्याही शिकतील!”

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. पुतळीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “असू दे गो. सेकू म्हणतो चांगलं हाय. आपल्याला काय, नवीन काय असंल तर शिकू.”

वीस दिवसांचा वर्ग पेणच्या एका हॉलमध्ये भरला. वीस जण. त्यात गडब गावाजवळच्या कातकरी वाडीतली पारी होती, वीटभट्टीवर आणि भातलावणीला जाणारी, बावीस-तेवीस वर्षांची. प्रशिक्षक होते ऋत्विक सर. पुण्याचे, पंचवीस-सव्वीस वर्षांचे. त्यांच्याकडे कसलातरी डिप्लोमा होता, पण वाद्यांचा म्हणून कुठेतरी पंधरा दिवसांचा कोर्स तेवढा केलेला. माणूस वाईट नव्हता, पण हाताला काम माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिजवलेली कातडी कड्यांवर चढवली आणि लवकर वाळावीत म्हणून सगळे ढोल गच्चीवर उन्हात नेऊन ठेवले. एप्रिलचं ऊन.

“सर, उन्हात नको,” पुतळीबाई म्हणाल्या. “कातडं तडकंल.”

“मावशी, प्रोसेस तशीच आहे,” सर म्हणाले.

दुपारी गच्चीवरून फटाके फुटल्यासारखे आवाज आले. वीसपैकी अकरा कातडी कड्यापाशी फाटली होती. सर कडेला उभे, तोंड उतरलेलं. दुसऱ्या दिवसापासून एक वेगळीच व्यवस्था सुरू झाली. सर उभे राहून सांगायचे, “आता आपण दोरी ताणणार आहोत,” आणि पुतळीबाई जमिनीवर बसून करून दाखवायच्या. दिशा मॅडम फोटो काढायच्या. उरलेले सतरा दिवस सगळ्यांना पुतळीबाईंनी शिकवलं. हजेरीच्या कागदावर त्यांची सही रोज प्रशिक्षणार्थ्यांच्या रांगेत होती, सात नंबरला.

मे महिन्यात संस्थेचा अहवाल बांधायला माझ्याकडे आला. लोकांच्या कागदात डोकं घालायचं नाही, हा माझा नियम आहे. पण पान लावताना सात नंबर दिसला, आणि मी वाचायला लागले.

पुतळी गोरख. प्रशिक्षणापूर्वी: बेरोजगार. प्रशिक्षणानंतर: स्वयंरोजगार. प्राप्त कौशल्य: चर्मवाद्य मढवणे, प्राथमिक.

प्राथमिक! तालुक्यातला निम्मा शिमगा जिच्या हातच्या ढोलांवर नाचतो, तिला प्राथमिक. जी बाई घरकाम आटपून रोज सहा तास दोरी ओढते, ती बेरोजगार; आणि यांच्या वीस दिवसांनी तिला धंदा लागला. परदेशातल्या कुणा भल्या माणसाला हे वाचून समाधान वाटणार होतं. मी त्या पानाची एक प्रत जास्तीची काढली. चोरी म्हणा हवं तर.

पुतळीबाईंना पान वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाल्या, “कुणी लिवलान हे?”

“मॅडमनी असेल.”

“माझ्या सासऱ्यानं मग काय केलान? खेळ खेळला माझ्यासंगती?”

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम पुढच्या रविवारी होता. स्टेजवर पाहुणे, हार, बॅनर. सात नंबरला नाव पुकारलं. पुतळीबाई हिरव्या काठाची साडी नेसून स्टेजवर गेल्या, प्रमाणपत्र हातात घेतलं नाही आणि सरळ माईकपाशी गेल्या.

“मी बेरोजगार नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी हे काम अठ्ठावीस वर्सं करतंय. ह्या वीसांमधल्या एकोणीसांना मी शिकवलंय. व्हय का नाय, सर? तुमीच सांगा.”

ऋत्विक सर खुर्चीत बसून होते. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच हलवली. हो अशी. मी पाहिलं, पहिल्या तीन रांगांनी पाहिलं.

“माझं नाव तेवढं शिकवणाऱ्यांत घाला. दुसरं काय मागत नाय.”

दिशा मॅडम हसत हसत आल्या, पुतळीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “ताई भावुक झाल्यात. आपण नंतर बोलू हं,” असं म्हणून त्यांनी माईक घेतला आणि लोकांना टाळ्या वाजवायला सांगितलं. लोकांनी वाजवल्या! त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. टाळ्या न वाजवता एकच जण उभी राहिली, ती पारी. “त्यांनीच शिकवलं आमाला,” ती मोठ्याने म्हणाली. तिला कुणीतरी खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही, पुतळीबाईंच्या मागोमाग हॉलबाहेर आली.

नंतर कुणी बोललं नाही. अहवाल तसाच गेला. मग सेकू आणि मी मिळून निधी देणाऱ्यांना पत्र लिहिलं. तो सांगत होता, मी टाइप करत होते. तो इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणत होता, आमच्या गावी ढोल बांधणाऱ्याला वाजवणाऱ्याच्या आधी पाणी देतात, आणि आमच्या नावाच्या पैशातून तुम्ही हे करता? शिमग्याच्या थोडं आधी उत्तर आलं ते माणसाच्या रूपाने. एक तरुण पाहणी करायला वाडीत आला, हातात टॅब. पुतळीबाईंनी त्याला चहा दिला आणि तासभर सगळं सांगितलं. कान्हूबाबा, गच्चीवरचं ऊन, सतरा दिवस, टाळ्या, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग टॅबकडे बघून विचारलं, “तर प्रशिक्षणाचा तुम्हाला फायदा झाला का? होय, नाही, की सांगता येत नाही?”

“आता एवढं सांगितलं ते काय?”

“ते लिहायला इथे जागाच नाहीये हो,” तो ओशाळून म्हणाला आणि त्याने तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं.

मी शेजारीच बसले होते. “काय दाबलंत?” मी विचारलं. त्याने दाखवलं. सांगता येत नाही.

पुतळीबाईंनी हातातली दोरी खाली ठेवली. “मला सांगता येतं,” त्या म्हणाल्या. “तुमाला लिवता येत नाय. तसं लिवा.”

तो टॅब पिशवीत घालून उठला. त्याने काय लिहिलं कुणास ठाऊक. संस्थेला दुसऱ्या वर्षाचा निधी मिळाला. नवा वर्ग दुसऱ्या तालुक्यात आहे. त्याचं माहितीपत्रक छापायला माझ्याकडेच आलं, आणि मी पहिल्यांदा एक गिऱ्हाईक परत पाठवलं. मुखपृष्ठावर दोन हात होते, दोरी ओढणारे, घट्ट्यांसकट. चेहरा कापलेला. खाली संस्थेचं नाव.

त्याची एक प्रत मात्र मी काढून ठेवली होती, ती वाडीत नेऊन पुतळीबाईंना दाखवली. पारी तिथेच होती. आता ती आठवड्यातून तीन दिवस येते, तिच्या वाडीतल्या राणीलाही घेऊन येते. टिमकी तर पारी एकटीने मढवते.

“हात माझेच हायत,” पुतळीबाई म्हणाल्या. “नाव कुठंय?”

कुठेच नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी रोह्यातून काळ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणवला. अक्षर माझं चांगलं, म्हणून पहिल्या ढोलावर मी लिहिलं: पुतळी गोरख आणि पारी. मग पारीने गिरवून गिरवून तेवढं शिकून घेतलं. महिनाभराने कोलाडच्या कॅम्पचा मॅनेजर त्याचे जेंबे न्यायला आला. ढोलावरचं नाव बघून त्याचं तोंड वाकडं झालं. “मावशी, हे पुसा. गेस्ट लोक विचारतात.”

“इचारू देत की,” पुतळीबाई म्हणाल्या.

“चांगलं दिसत नाही ते.”

“मग ऱ्हाऊ दे इथंच. कातडं काढून घेतंय, सांगाडा तेवढा घेऊन जा.” आणि त्यांनी खरंच आडव्या दोरीची पहिली गाठ सोडायला घेतली.

मॅनेजरने घाईघाईने ढोल उचलले आणि टेम्पोत नेऊन ठेवले, नावासकट. पुतळीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पारीने भिजत घातलेलं कातडं बाहेर काढलं होतं. ते उजेडात धरून दोघी बघत होत्या.