छातीला जखम, डोक्याला कोड

दवाखान्यातले किस्से कोणी जमवत नाही हो, तेच येऊन बसतात! दुपारी डबे उघडले की एकीची भाजी आणि दुसरीचा किस्सा, दोन्ही ताटात. त्यात आमच्या मेहकरच्या दवाखान्यात माझं कामच चौकशा करायचं, म्हणजे बघा.

डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला, जखमेला कंप्युटरमध्ये कोड द्यायचा, हे माझं काम. छातीवरची जखम आली की माझी परीक्षाच. उजवी का डावी? पुढून का पाठीकडून? वरवरची का आत फुप्फुसापर्यंत? काही अडकलंय का? कशाने झाली, कुठे झाली? एक रकाना रिकामा राहिला की फाईल परत माझ्याच टेबलावर!

आणि आमचे सर्जन सर. हाताला गुण असा की बास, पण लिहायचा भारी कंटाळा. "छातीला जखम. टाके घातले." संपलं पुराण!

एकदा अशीच फाईल घेऊन गेले. "सर, बाजू कोणती?"

"मॅडम, पेशंट घरी गेला. आता त्याची छाती मी कुठून आणू?"

मग मीच फोन लावला. पेशंट बुलढाण्याच्या एसटीत बसलेला, मागे सगळा कल्ला.

"अहो, पट्टी कोणत्या बाजूला आहे, तेवढंच सांगा."

"तुमच्या उजवीकडं का माह्या?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात फोन कंडक्टरने घेतला. "थांबा मॅडम, मी पाह्यतो. ए भाऊ, शर्ट वर कर बे! हां, उजवी बाजू. पुढून. पट्टी कोरडी हाय. आनखी काही?"

"नाही, झालं."

"मंग डबल बेल देऊ का? गाडी तुमच्यासाठीच उभी हाय!"

त्यानंतर मी सरांचं इतकं डोकं खाल्लं की ते वैतागून चित्रच काढायला लागले. छाती, बरगड्या आणि जखमेच्या जागी फुली. मी खूश! पण एक दिवस ते चित्र औषधाच्या चिठ्ठीसोबत पेशंटच्या हातात गेलं आणि थेट मेडिकलवर पोचलं. मेडिकलवाले भाऊ कागद उभा-आडवा करत माझ्याकडे आले.

"मॅडम, वावराचा नकाशा तं भेटला. नांगराचे तासं पण बराबर पाडले. इहीर या फुलीवर खंदाची का?"

सरांनी पुढे आठवडाभर चित्र काढलं नाही.

'कशाने' आणि 'कुठे' हे दोन रकाने तर घरं फोडतील! सुलतानपूरला सासुरवाडीत राहणारा एक जावई आला. छातीत काटा मोडलेला. सरांनी काढला. मी विचारलं, कुठे लागला? म्हणाला, "वावरात, काम करता करता." मी तसं टाकलं. जाताना त्याने काटा बाटलीत मागून घेतला.

"कशाला हो?"

"सासूले दाखवाचा हाय. ते म्हणते, जावई वावरात जातच नाई."

दुसऱ्या दिवशी सासूबाई हजर! बाटली माझ्या टेबलावर आपटली. "तुमच्या कंप्युटरात काय लिवलं? वावर? खोडा ते! हा काटा बाभळीचा हाय. आमच्या वावरात बाभूळच नाई!"

मग एक पैलवान आले. केवढ्या त्या मिश्या! छातीवर एवढासा ओरखडा आणि छोटीशी खोच.

"कशाने लागलं?"

पैलवानांनी मागे वळून पाहिलं, टेबलावर वाकले आणि कानात सांगितल्यासारखं म्हणाले, "बोकड."

मी टाईप करायला घेतलं तर हात जोडले त्यांनी! "बोकड नका लिहू मॅडम. पोरं माह्या आखाड्यात येतात. बैल लिहा ना!"

"अहो, जखम पाहा केवढीशी. बैल कसा लिहू?"

पैलवानांनी विचार केला. "मंग गोऱ्हा तरी लिहा!"

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. पण एक म्हातारे बाबा असे आले की त्यांना बैल अजिबात नको होता.

उजव्या छातीवर चांगली खोल जखम. नशीब, फुप्फुसापर्यंत गेली नव्हती. सोबत पोरगा, रागाने लाल. "आमच्या पाखऱ्या बैलानंच मारलं असंन! बाबा, खरं सांगा. त्यानं मारलं असंन तं उद्याच बाजारात उभा करतो त्याले!"

"कोनी मारलं नाई," बाबा म्हणाले. "खुंट्यावर पडलो."

सर जखम बघत म्हणाले, "बाबा, खुंटा जमिनीत असतो. ही जखम खालून वर गेलीय. खुंटा उड्या मारतो का?"

"आमचा मारते, साहेब!"

पोरगा औषधं आणायला गेला तशी बाबांनी माझा हातच धरला. "बाई, पोया आला. झूल शिवून ठेवली हाय त्याची. ईकला तं मी जगाचा नाई." डोळे भरलेले हो! मी सरांकडे पाहिलं. सरांनी पेन काढलं आणि जन्मात पहिल्यांदा न सांगता सगळं लिहिलं. शेवटी, "कारण, रुग्णाच्या सांगण्यानुसार: खुंट्यावर पडून."

बैल वाचला. पोरग्याचा नंबर फाईलसाठी माझ्याकडे सेव्ह होता. पोळ्याच्या दिवशी त्याचं स्टेटस पाहते तर काय! नवी झूल, शिंगांना बेगड, आणि हे महाशय पाखऱ्याच्या गळ्यात हात घालून उभे. खाली लिहिलेलं, 'आपला वाघ.'

त्यानंतर दोनच दिवसांनी बापलेक पुन्हा दारात. या वेळी बाबा ठणठणीत. पोरग्याचा शर्ट फाटलेला, डाव्या छातीवर रक्ताने भिजलेला रुमाल दाबलेला.

सरांनी जखम पाहिली. खालून वर.

"काय झालं रे?" मी विचारलं.

बाबा छताकडे पाहायला लागले. पोरग्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा माझ्या कंप्युटरकडे.

"खुंट्यावर पडलो, मॅडम."