हळदीचा डाग आणि आमचा गेलेला गट

आमचा जिल्हा परिषदेचा गट आता नकाशावर नाही. मुरबाडच्या आतल्या अंगाला, नदीच्या दोन्ही काठांची गावं मिळून तो एक गट होता. पुनर्रचनेत आमचा काठ एका गटात गेला, आत्याचा काठ दुसऱ्यात, आणि नदी हद्द झाली. मला दुःख गटाचं नव्हतं. आमचे जुने सदस्य, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांना पाडण्यासाठी मी माझं मत विळ्यासारखं धार लावून ठेवलं होतं. आणि भाऊ पलीकडच्या गटातून उभे राहायला निघाले.

दर निवडणुकीला भाऊंनी नदीकाठच्या त्याच खडकावर साकवाचा नारळ फोडला. पायी ओलांडायचा छोटा पूल, एवढंच मागणं होतं आमचं. खोबरं आम्ही खाल्लं, मी जरा जास्तच. साकव झाला नाही. वडील गेले ते ऐन पावसात, नदी दुथडी भरलेली. आत्या एसटीनं मुरबाडवरून वळसा घालून आली, तोवर तिच्या भावाला अग्नी देऊन झाला होता. ती रडली नाही. "नारळ फोडला होता ना रे त्यानी?" एवढंच म्हणाली.

यंदा आत्याच्या नातवाची हळद होती. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे पुढारी एक हळद चुकवत नाही, आणि माइकवर नाव पुकारून त्याला शाल-श्रीफळ द्यावंच लागतं. माइक माझ्याकडे होता. "नाहीशा झालेल्या गटाचे माजी सदस्य" असं पुकारायचं मी आठवडाभर घोकलं होतं. भाऊ आले, पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे. माझ्याकडे बघून हसले, आणि माझ्या तोंडून निघालं, "आपल्या सर्वांचे लाडके..." बायकोनं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात आत्या उठली. दोन्ही तळवे हळदीनं भरलेले.

"भाऊ, हळदीला नाय म्हनू नये."

"मावशी, टिळाच लावा. अजून दोन हळदी हायेत, मंग सभा हाय."

"टिळा परक्यांना. तुमी तं घरचे!"

आधी गाल, मग मान, मग छातीवर दोन्ही पंजे. दाबून. पाठही सोडली नाही. समोर मतं बसलेली, भाऊ काय बोलणार? हसत राहिले.

"जाईल ना हो, मावशी?"

"जाईल की. घरी गेल्या गेल्या साबन लावा. चांगला चोळून."

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी माइक तोंडाशी धरला आणि जन्मात पहिल्यांदा वेळेवर गप्प बसलो.

भाऊंची गाडी गेल्यावर आत्या नदीवर उतरली. त्याच खडकावर बसली आणि नुसत्या पाण्यानं, सावकाश हात धुवत राहिली.