दगडी बाईचं नाक

घणदादाचा राग नाकावरच असायचा. पाडकामावर कुणी भलत्या जागी उभा दिसला की आधी थोबाडीत, मग समज. स्वतःच्या लग्नात त्याने ढोल सोडून ढोलवाल्यालाच बडवलं होतं.

तीस वर्षं त्याने भिंती पाडल्या. मग कापडबाजाराची शंभर वर्षांची इमारत पाडायला निघाली आणि मालक म्हणाला, "दारावरची ती दगडी बाई मात्र अखंड उतरवायची. नव्या इमारतीत लावणार आहे."

पाडायची नाही, उतरवायची! असलं काम दादाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला भलताच चेव चढला. चार दिवस त्याने त्या चेहऱ्याला घण सोडाच, कुणाचं बोट लागू दिलं नाही. बाईच्या गालांना गोणपाट बांधलं, दोर स्वतः लोंबकळून पारखले. पाचव्या दिवशी शेवटचा चुना सोडवायला त्याने फक्त धाकट्या भावाला परांचीवर घेतलं. वडील गेल्यावर त्याला दादानेच लहानाचा मोठा केला होता. दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता.

धाकट्याची छिन्नी सटकली आणि बाईचं नाक फळीवर पडलं.

घाबरला की धाकट्याला हसू यायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. "दादा," तो म्हणाला, "बाईचं नाक कापलं की रे!"

दादाने हातोडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. एकदा मारून थांबेल तर तो दादा कसला! छातीवर गुडघा रोवून तो मारतच राहिला. "हस! आता हस!" परांची गदागदा हलत होती. खालून धावत वर आलेल्या चौघांनी दादाला ओढून काढलं, तेव्हा धाकट्याच्या नाकाचं हाड मोडलं होतं, दोन दात पडले होते, आणि तरी तो हसत होता.

एका कारागिराने दगडी नाक असं चिकटवलं की सांधा दिसेना. मालकाने पाठ थोपटली. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दगड जोडून झाला ना?" आई म्हणाली. "मग आता भावाकडे जा. पाय धर त्याचे."

तो गेला. काय बोलायचं ते वाटभर घोकत गेला. भावजयीने दार उघडलं. धाकटा खाटेवर बसला होता, नाक एका बाजूला वाकलेलं. दादाने नुसता हात पुढे केला, डोक्यावरून फिरवायला.

धाकट्याने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

भावजय मध्ये येऊन उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "आधी हात खाली घ्या."